जास्तीचा फ्लॉवर

कमी भाजीत घर कसं भागवावं हे सांगणारे जागोजाग भेटतात. जास्त भाजीचं काय करावं हे सांगणारेही आहेत, पण त्यांची जास्त भाजी म्हणजे अर्धं गाजर आणि कोथिंबिरीच्या चार काड्या. सर्व्हेअरांनी असे बरेच लेख मोबाईलवर वाचले होते. एका लेखात म्हटलं होतं की उरलेलं अर्धं गाजर किसून सॅलडवर भुरभुरावं आणि मग प्रसन्न मनानं फ्रिज पुसून घ्यावा. सर्व्हेअरांच्या फ्रिजमध्ये त्या वेळी फ्लॉवरचे पाच गड्डे होते, कोबी होता, दुधी आडवे पडले होते, आणि खालच्या कप्प्यातले टोमॅटो वरच्या मंडळींच्या वजनानं आपले आपणच सूप व्हायच्या मार्गावर होते. पुसायचं म्हटलं तरी फ्रिज दिसत नव्हता.

ते सर्व्हेअर होते म्हणजे जमीन मोजणारे नव्हेत. विमा कंपनीतर्फे नुकसान बघायला जाणारे. कुठं आग लागली, गोदामात पाणी शिरलं, छप्पर बसलं, की यांनी जाऊन ढिगाऱ्यापुढं उभं राहायचं आणि सांगायचं, यातलं किती गेलं आणि किती वाचवता येईल. मालक बाजूला रडत असे आणि सर्व्हेअर शांतपणे मोजत असत. रडण्याची भरपाई पॉलिसीत बसत नसे.

आता निवृत्त झाल्यावर त्यांना कुणी सर्व्हेअर म्हणत नव्हतं. गल्लीत ते 'बाईंचे मिस्टर' होते. बाई म्हणजे त्यांची बायको. शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या, त्यामुळे निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. औषधवाला, खालच्या मजल्यावरचा शिंपी, कोपऱ्यावरचा भाजीवाला, पोटं सुटलेली माणसं, पण बाई समोरून आल्या की अजून ताठ उभी राहत आणि हातातलं काहीबाही मागं लपवत.

अशा या बाई विसरायला लागल्या होत्या.

सुरुवात फ्लॉवरनं झाली. एका सकाळी बाई पिशवी घेऊन आल्या, फ्लॉवर ओट्यावर ठेवला आणि फ्रिज उघडला. आत कालचा एक होता आणि परवाचा एक. सर्व्हेअर चहा पीत बसले होते, त्यांच्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं, किती फ्लॉवर आणतेस? रोज रोज आणतेयस की." इतक्या वर्षांच्या संसारात याहून लागट हजार वाक्यं ते बोलले होते आणि बाईंनी ती व्याजासकट परत केली होती. या वेळी काहीच परत आलं नाही. बाई उघड्या फ्रिजपुढं उभ्या राहिल्या, गड्ड्यांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे मी आणले?"

सर्व्हेअरांनी जळलेल्या कारखान्यांचे मालक पाहिले होते. पण मालकाला निदान काय जळलं ते माहीत असतं. बाईंच्या चेहऱ्यावर तेवढाही आधार नव्हता.

बाईंची आई याच वाटेनं गेली होती, आणि शेवटची वर्षं बाईंनीच तिचं सगळं केलं होतं. आईला भरवून तिचं तोंड पुसता पुसता बाई एकदा म्हणाल्या होत्या, "मला हे झालं तर मला कळू देऊ नका. विसरण्याचं काही नाही हो. आपण विसरतोय हे आईला कळतं, ते बघवत नाही." सर्व्हेअरांनी मान डोलावली होती. बायको काही म्हणाली की मान डोलवायची, ही त्यांची जुनीच पद्धत. या वेळी ते डोलावणं अंगाशी आलं होतं.

त्या दुपारी बाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी आपण का जेवलो नाही हे विसरल्या आणि दोन घास जास्त जेवल्या. सर्व्हेअर मात्र विसरू शकले नाहीत. त्यांनी मनाशी ठरवलं की काही झालं तरी तो चेहरा परत येऊ द्यायचा नाही. बाई रोज भाजी आणणार, तर आदल्या दिवशीची भाजी फ्रिजमध्ये सापडता कामा नये. त्यांनी सुरुवातीला ती टाकून द्यायचा प्रयत्न केला. पण शिंप्याच्या बायकोनं कचऱ्याच्या डब्यात कोरा करकरीत कोबी पाहिला आणि धुऊनबिऊन वर आणून बाईंच्याच हातात दिला, चुकून गेला वाटतं म्हणाली. म्हणजे टाकायची सोय नव्हती. खायलाच हवी होती. आणि खायची तर आधी शिजवायला हवी. सर्व्हेअरांचा स्वयंपाकाचा अनुभव पाणी उकळण्यापर्यंत होता, आणि त्यातही एकदा पातेलं जळलं होतं.

बाई जेवून आडव्या झाल्या की त्यांचं काम सुरू होई. पद्धत नोकरीतलीच. फ्रिजमधला सगळा माल ओट्यावर मांडायचा आणि तीन वाटे करायचे: सहीसलामत, दुरुस्त होण्याजोगा आणि मोडीतला. सहीसलामत असेल ते आहे तसं दिसू द्यायचं. फ्लॉवरचे तुरे तेल-मीठ चोळून भाजायचे, वांगी फोडी करून मिरपुडीत परतायची. दुरुस्त होण्याजोगं असेल ते किसायचं, कारण एकदा किसल्यावर कुणाचा पूर्वेतिहास कळत नाही. कोबीचा दांडा, मऊ पडलेलं गाजर, दुधीचा उरलेला अर्धा, सगळं किसून पिठात कालवलं आणि तव्यावर थापलं की खमंग होतं आणि प्रश्न विचारत नाही. मोडीतलं सूपमध्ये. सूप म्हणजे भाज्यांचं विलीनीकरण. आत कोण कोण गेलं हे मागाहून सांगता येत नाही. बीट तेवढं शेवटपर्यंत आपली ओळख सोडत नाही.

हळूहळू त्यांना भाज्यांचे स्वभाव कळू लागले. पालकावर त्यांचा फार जीव जडला. पातेलंभर घातला तरी वाटीभर होतो, अशी समंजस भाजी नाही. दुधीचा मात्र त्यांनी मनापासून राग केला. दुधी कशातही घाला, कितीही शिजवा, तो तेवढाच राहतो. ढोबळी मिरच्यांची पोटं भरायला बटाटा लागतो, म्हणजे एक भाजी संपवायला दुसरी आणावी लागते, म्हणून त्या कोबीनं भरायच्या, हा शोध त्यांनी एकट्यानं लावला. ज्या दिवशी लावला त्या दिवशी तो कुणाला तरी सांगावा असं त्यांना फार वाटलं. सांगण्यासारखं माणूस एकच होतं आणि ते आत झोपलेलं होतं.

बाई उठून विचारत की हे काय नवीन. सर्व्हेअर म्हणत, निवृत्त माणसाला काही छंद नको का. बाई चाखून बघत आणि मीठ कमी आहे म्हणत. एकदा त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं आणि म्हणाल्या, "हे जमलंय हां तुम्हाला." सर्व्हेअरांना नोकरीत दोन बढत्या मिळाल्या होत्या, त्यातल्या एकीचंही त्यांना इतकं वाटलं नव्हतं.

पण दोन माणसं किती खाणार? राहिलेलं डब्यात भरून ते शेजारीपाजारी पोचवत. शिंप्याकडे पहिल्या आठवड्यात कौतुक झालं, दुसऱ्यात आभार मानले गेले, तिसऱ्यापासून बेल वाजली की आतला टीव्ही बंद होऊ लागला. औषधवाला म्हणाला की त्याला पोटाचा त्रास आहे, आणि औषधवाला असल्यामुळे त्यावर काही बोलता येईना.

शेवटी सर्व्हेअरांनी भाजीवाल्याला बाजूला घेतलं. सगळं सांगितलं. म्हणाले, बाई आल्या की भाजी संपली म्हणून सांगत जा. भाजीवाल्यानं समोर रचलेल्या हिरव्या डोंगराकडे बघितलं.

"काका, बाईंपुढं खोटं?" तो म्हणाला. "सातवीत नकाशात एक नदी उलटी वाहवली होती मी. तास संपेपर्यंत वर्गाबाहेर उभं केलं. अजून बाई दिसल्या की पाय दुखतात."

मग थोड्या वेळानं त्यानं विचारलं की बाई खरंच विसरतात का, की आपल्या सगळ्यांची परीक्षा घेतायत. त्यानंतर भाजीवाला बाईंसाठी सगळ्यात लहान गड्डा काढून ठेवू लागला. बाई तो परत ठेवून मोठा घेत आणि वर त्याला माल नीट बघून आणत जा म्हणून सुनावत.

असे सात-आठ महिने गेले. मग लेक आली. ती लांब नोकरीला होती. फोनवर बाई इतक्या व्यवस्थित बोलत की तिला काही कळलंच नव्हतं. कळू दिलं नव्हतं म्हणा. सर्व्हेअर शेजारी बसून नावं, वार, कुणाचं लग्न झालं, कुणाचं मोडलं, हे हलक्या आवाजात पुरवत असत. घरात राहून मात्र लेकीनं दोन दिवसांत सगळं ओळखलं. पहिल्या दिवशी तिनं फ्रिज उघडला तर आत चकचकीत रिकामा. बाई म्हणाल्या, भाजी संपलीय, आणते, आणि घेऊन आल्या. दुपारी सर्व्हेअरांनी ती शिजवून संपवली. दुसऱ्या दिवशी परत तेच. लेकीनं वडिलांच्या हातातली किसणी काढून घेतली आणि त्यांना गॅलरीत नेऊन बसवलं.

"बाबा, आई रोज भाजी का आणते?"

"विसरते म्हणून."

"फ्रिज रिकामा दिसतो म्हणून. तिच्या जागी मी असते तर मीही आणली असती. तुम्ही संपवताय म्हणून ती आणतेय."

सर्व्हेअरांचं आयुष्य एकाच प्रश्नात गेलं होतं: नुकसान कशामुळं झालं. वायर जळलेली असो की नळ उघडा राहिलेला असो, कारण त्यांच्या नजरेतून सुटत नसे. इथं कारण रोज दुपारी ॲप्रन घालून ओट्यापाशी उभं राहत होतं, आणि ते त्यांना दिसलं नव्हतं.

लेकीनं डॉक्टरांचं विचारलं. सर्व्हेअर म्हणाले, तुझी आई म्हणाली होती, मला कळू देऊ नका.

"तिला कळू देऊ नका म्हणाली होती. डॉक्टरला कळू देऊ नका असं नव्हती म्हणाली." मग ती म्हणाली की या दुखण्याला औषधं असतात, बरं करत नाहीत पण दुखण्याचा वेग कमी करतात, आणि ती सुरुवातीलाच दिली असती तर. पुढचं तिनं गिळलं. अर्ध्यावर वाक्य सोडून समोरच्याला पूर्ण करायला लावायचं, हे बाईंचंच वळण. सर्व्हेअरांनी ते मनातल्या मनात पूर्ण केलं आणि तिथंच बसून राहिले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गाद्या बडवत होतं.

आता प्रश्न असा की बाईंना डॉक्टरांकडे न्यायचं कसं. तो बाईंनीच सोडवला. कपडे वाळत घालायला त्या लेकीला गच्चीवर घेऊन गेल्या. लेक खाली आली तेव्हा तिच्या हातात ओला टॉवेल तसाच होता आणि चेहरा असा, की हसतेय का रडतेय ते सांगता येऊ नये. बाई तिला म्हणाल्या होत्या, "तुझ्या बाबांचं काहीतरी बिनसलंय गं. उभ्या जन्मात पाण्याचा पेला उचलला नाही त्यांनी, आणि आता दिवसभर फ्लॉवर कापत बसतात. लोकांना डबे वाटत फिरतात. मी आपली रोज भाजी आणून देते, हात गुंतलेले बरे. पण दाखवायला हवं कुणाला तरी. त्यांना काही कळू न देता."

हे खरंच त्यांच्या मनात होतं, की भाजी आणण्याचं कारण त्यांना मागाहून सुचलं होतं, हे लेकीला ठरवता येईना. सर्व्हेअरांनी ते ठरवायचा प्रयत्नही केला नाही.

तर दोघं डॉक्टरांकडे गेली, प्रत्येक जण दुसऱ्याला घेऊन. बाईंनी सकाळी सर्व्हेअरांचा शर्ट स्वतः इस्त्री केला आणि टॅक्सीत त्यांना सांगितलं की नुसती नेहमीची तपासणी आहे, घाबरायचं काही कारण नाही. लेक पुढं बसली होती, ती खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टर तरुण होता. लेकीनं त्याच्याशी आधीच फोनवर बोलून ठेवलं होतं. त्यानं तक्रार काय विचारल्यावर बाईंनी वर्गात सांगावी तशी ती मुद्देसूद सांगितली. हे सारखे स्वयंपाकघरात असतात. मी फ्रिज उघडला की दचकतात. माझ्यापासून काहीतरी लपवतात. फोनवर मी बोलत असले की शेजारी बसून पुटपुटतात. वर्णन इतकं बिनचूक होतं की सर्व्हेअरांना क्षणभर स्वतःचीच काळजी वाटली.

डॉक्टर म्हणाला की आमच्याकडे नियम आहे, जोडीनं आलं की दोघांनाही तपासायचं. त्यानं तीन शब्द सांगितले, खुर्ची, नदी आणि किल्ली, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते परत विचारले. बाई म्हणाल्या, खुर्ची. मग त्या थांबल्या. आयुष्यभर ज्या नद्या फळ्यावर काढल्या त्यातली एकही त्या वेळी मदतीला आली नाही. "बाकीचे यांना विचारा," बाई म्हणाल्या, "तपासणी यांची आहे." डॉक्टरनं सर्व्हेअरांकडे बघितलं. सर्व्हेअर म्हणाले, खुर्ची. आणखी काही आठवत नाही म्हणाले.

मग कागद आले. दोघांनी घड्याळ काढायचं होतं. बाईंनी पेन घेतलं आणि एका झटक्यात वर्तुळ काढलं, परकार न घेता, टोकाला टोक मिळालेलं, अख्ख्या शाळेत तसं वर्तुळ दुसऱ्या कुणाला येत नसे. मग त्या आकडे घालू लागल्या. सगळे आकडे उजव्या बाजूला एकाखाली एक गोळा झाले, बस येईपर्यंत रांगेत उभे राहावेत तसे. डावी बाजू कोरी राहिली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि झालं म्हणाल्या.

सर्व्हेअरांचा कागद अजून कोरा होता. त्यांनी एक वाकडंतिकडं वर्तुळ काढलं आणि त्यातले सगळे आकडे उजव्या बाजूला नेऊन कोंबले. विचार करून असं काही केलं नाही. वर्गात शेजारचा छड्या खात असला की आपलाही हात पुढं होतो, त्यातला प्रकार.

पण बाईंनी आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासले होते. शेजारच्या कागदाकडे डोळा जाणं हा त्यांचा हातखंडा. त्यांनी मान वळवून सर्व्हेअरांचं घड्याळ बघितलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. स्वतःच्या कागदाकडे त्यांनी परत पाहिलंच नाही. तिथं असलेली तीच चूक त्यांना दिसत नव्हती. इथली लख्ख दिसत होती. आतापर्यंत नवऱ्याबद्दल त्यांना नुसती शंका होती. पुरावा सर्व्हेअरांनी आपल्या हातानं काढून दिला होता.

बाहेरच्या बाकावर बाईंना बसवून लेक वडिलांजवळ आली. तिनं दात आवळून विचारलं की हे काय केलंत.

"ती एकटी नापास होत होती," सर्व्हेअर म्हणाले.

डॉक्टर त्यांना म्हणाला की दुखणं बरंच पुढं गेलेलं आहे, गोळ्यांनी जे काही धीमं होईल तेवढंच. सांगायचं की नाही ते घरच्यांनी ठरवावं. पण नाटक करायचं तर ते झेपेल इतकंच करावं, कारण समोरचं माणूस विसरतं, आपल्याला सगळं लक्षात ठेवावं लागतं. गोळ्या दोघांच्या नावानं मिळाल्या. बाईंच्या खऱ्या होत्या, सर्व्हेअरांच्या कॅल्शियमच्या. बाई रोज न चुकता त्यांना समोर बसवून गोळी गिळायला लावत आणि तोंड उघडून दाखवायला सांगत. स्वतःच्या गोळीची आठवण मात्र त्यांना सर्व्हेअर करून देत.

लेक परत गेली आणि घराचा कारभार बाईंच्या हातात आला. सर्व्हेअरांना गॅसजवळ जायची बंदी झाली. सुरी त्यांच्या हाताला लागू नये म्हणून बाईंनी लपवून ठेवली आणि कुठं लपवली ते विसरल्या, त्यामुळे काही दिवस त्या घरात पाव हातानं तोडून आणि टोमॅटो दातानं फोडून खाल्ले गेले. पुढं ती उशीच्या अभ्र्यात सापडली. रस्ता ओलांडताना बाई त्यांचं मनगट धरत. भाजीवाल्यापाशी उभं राहून त्यांनी सगळ्यांसमक्ष बजावलं, "हे एकटे दिसले तर घरी आणून सोडायचं. काही विचारत बसायचं नाही, नुसतं हाताला धरून आणायचं." भाजीवाला हो बाई म्हणाला आणि तराजूकडे खाली मान घालून उभा राहिला. वजन कधीच झालं होतं.

दुपारचं झोपणं बाईंनी सोडून दिलं. नवऱ्यावर लक्ष ठेवायला नको का? त्यामुळे सर्व्हेअरांना काही शिजवता येईना आणि फ्रिज पुन्हा भरू लागला. लेकीचं म्हणणं असं होतं की भरू द्या, भरलेला दिसला की आई आणायची थांबेल. चार-सहा दिवस तसं झालंही. बाई फ्रिज उघडत, भाजी आहे म्हणत आणि पिशवी खुंटीला लावत. मग एक दिवस त्या फ्रिज न उघडताच गेल्या. भाजी आहे की नाही हे डोकं विचारायचं. पायांना ते विचारायची गरज नव्हती. त्यांना रस्ता पाठ होता.

त्या सकाळी बाई अशाच भाजी घेऊन आल्या. सर्व्हेअर ओट्याशेजारच्या स्टुलावर, आखून दिलेल्या जागी, बसले होते. बाईंनी पिशवी एका हातात धरून दुसऱ्या हातानं फ्रिज उघडला. दाराला टेकून राहिलेला एक गड्डा सुटला, जमिनीवर पडला आणि घरंगळत सर्व्हेअरांच्या पायाशी आला. आत कप्प्याकप्प्यात पांढरे गड्डे दाटीवाटीनं बसले होते, काहींवर काळे डाग पडलेले, खालून पाणी सुटलेलं.

"हे कुणी आणले?" बाईंनी विचारलं.

त्यांचा आवाज आधी साधाच होता. मग नजर कप्प्यांवरून खाली आली आणि स्वतःच्या हातातल्या पिशवीवर थांबली. सर्व्हेअरांना ते येताना दिसलं. दार उघडायच्या आधी जिन्यात पावलं ऐकू यावीत तसं.

"मी," ते म्हणाले. "मी आणतो गं रोज. विसरतो आणि परत आणतो."

"आणि ही?" बाईंनी पिशवी थोडी वर केली.

"तीपण माझीच. तू नुसती धरलीयस. दे इकडे."

बाईंनी पिशवी दिली. त्यांचा चेहरा मोकळा झाला. सर्व्हेअरांनी ते अगदी नीट पाहिलं, तेवढं त्यांना पुष्कळ झालं असतं. पण बाईंनी त्या पिशवीकडे, मग पायाशी पडलेल्या गड्ड्याकडे आणि मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि त्या वळून बेसिनपाशी गेल्या. त्यांनी नळ पूर्ण सोडला. नळाखाली काहीही नव्हतं. पाणी नुसतं पडत राहिलं आणि बाईंचे खांदे हलत राहिले. नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्या एवढं पाणी वाया घालवत होत्या; एरवी कुणी दात घासताना नळ सुरू ठेवला तर त्या अख्ख्या जगाची पाणीटंचाई ऐकवत.

सर्व्हेअर पिशवी मांडीवर घेऊन बसले. आपण वाचवलं काय, असं त्यांनी नेहमीच्या सवयीनं मोजायला घेतलं. बाईंचं दुःख त्यांनी बाईंपर्यंत पोचू दिलं नव्हतं, हे खरं. पण बाई रडत होत्या, हेही खरं. स्वतःसाठी रडल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत विसरल्या असत्या, असं त्यांच्या मनात आलं. नवऱ्याचं दुःख मात्र त्या विसरतील की नाही, ते काही सांगता येत नव्हतं.

बाईंनी नळ बंद केला. पदरानं तोंड पुसलं, फ्रिजमधले गड्डे एकेक करून ओट्यावर मांडले आणि सुरी आणली. त्यांनी काळे डाग खरवडून काढले, सडलेलं वेगळं केलं, मग स्टूल पुढं ओढून सर्व्हेअरांना ओट्याशी बसवलं. म्हणाल्या की करू याचं काहीतरी, घाबरायचं नाही, मी आहे ना. सुरी त्यांच्या हातात दिली, वरून आपला हात ठेवला आणि पहिला तुरा त्यांच्याकडून कापून घेतला. तुरे सारखे करायचे, त्या सांगत होत्या, लहानमोठे झाले की काही करपतात आणि काही कच्चे राहतात. सर्व्हेअर मान डोलवत होते आणि मुद्दाम तिरकं कापत होते. बाई ते परत सरळ करून दाखवत होत्या.

एक अख्खा गड्डा तसा संपला. बाईंचा हात अजून त्यांच्या हातावर होता.

"अहो," त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या, "मला विसरणार का हो तुम्ही?"

"नाही," सर्व्हेअर म्हणाले.

इतक्या महिन्यांत त्या स्वयंपाकघरात ते खरं असं हे एकच बोलले होते. बाईंनी त्यांच्या हातावर थोपटलं, पुढच्या परीक्षेत नक्की अभ्यास करीन म्हणणाऱ्या पोराला थोपटावं तसं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मग त्यांनी दुसरा गड्डा पुढं सरकवला.